तारखेवर हक्क कोणाचा?

दिनविशेष लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रातील शाळांत आणि वाचनालयांत इतकी रुळलेली आहे की, दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या त्या पाच-सहा ओळी कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या न्यायाने निवडल्या, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन जेथे एकमेकींना मिळतात, त्या प्रीतिसंगमापासून फार दूर नसलेल्या कराडातील एका लहानशा वाचनालयात हा प्रश्न ११ डिसेंबरच्या सकाळी उपस्थित झाला. आणि तो उपस्थित करणारे वकीलसाहेब व फळा लिहिणारे गुरुजी हे दोघेही बहुश्रुत, आपापल्या मताशी प्रामाणिक आणि परस्परांचा मान राखून बोलणारे असल्यामुळे, त्या संभाषणाचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा असे मला वाटले.

वकीलसाहेबांची हयात दिवाणी दाव्यांत, विशेषतः भूसंपादनाच्या आणि वारसनोंदींच्या कज्ज्यांत गेली. कागदावरची एक तारीख चुकली तर एखाद्या कुटुंबाची जमीन कशी हातची जाते, हे त्यांनी जवळून पाहिले आहे. गुरुजी पाटण तालुक्यातल्या प्राथमिक शाळांतून अध्यापन करून निवृत्त झाले आणि वाचनालयाच्या फळ्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले. त्या दिवशी फळ्यावर सहा नोंदी होत्या. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती यांचा १८८२ सालचा जन्म, युनिसेफची १९४६ सालची स्थापना, विश्वनाथन आनंद यांचा १९६९ सालचा जन्म, संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय पर्वत दिन, अमेरिकेतील शेवयांच्या कड्याचा दिवस (शेवया अंड्यात कालवून कड्याच्या आकाराच्या साच्यात भाजतात, त्या पदार्थाचा), आणि सर्वांत खाली, ‘१९६७ : कोयना भूकंप’.

वकीलसाहेब : गुरुजी, कचेरीत कागद आला की त्याची बारनिशी होते. खुनाची फिर्याद असो की तुंबलेल्या गटाराचा अर्ज असो, आवक-वहीत दोघांनाही एकच ओळ मिळते, आणि ते योग्यच आहे. कारण वहीचे काम न्याय करण्याचे नसून नोंद घेण्याचे आहे. परंतु तुमचा फळा ही आवक-वही नव्हे. तो सार्वजनिक जागी, गावाच्या नावाने लिहिलेला मजकूर आहे. ज्या नदीचे पाणी आपण पितो, तिच्याच खोऱ्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे एका पहाटे आपापल्या घरांच्या भिंतींखाली सापडून मेली. ती ओळ आणि परमुलखातल्या एका पक्वान्नाची ओळ एकाच खडूने, एकाच मापाने शेजारी शेजारी लिहिलेली पाहिली आणि माझे मन खिन्न झाले. माझी हरकत नोंदवून घ्या.

गुरुजी : हरकत नोंदवली. पण आपण तो फळा मोठ्यांच्या डोळ्यांनी वाचता, मी तो मुलांसाठी लिहितो. सातवी-आठवीची पोरे शाळेत जाताना इथे थांबतात. शेवयांचे कडे हे शब्द वाचून ती थबकतात, एकमेकांना दाखवतात, आणि डोळे फळ्यावर असेपर्यंत खालची ओळही वाचून होते. ‘कोयना भूकंप’ एवढेच लिहिले असते तर, शाळेत ते पुष्कळदा ऐकलेले असल्यामुळे, त्यांनी मान वळवली नसती. दुसरे असे की, कोणताही दिवस एका गावाच्या मालकीचा नसतो. याच तारखेला कोठे कवी जन्मला, कोठे लेकरांना दूध-औषध पुरवणारी संस्था उभी राहिली, इंग्लंडात १९३६ साली एका राजाचा राज्यत्याग अमलात आला, आणि आपल्याकडे डोंगर हादरला. हे सारे एका फळ्यावर आले म्हणजे मुलाला कळते की आपले दुःख जगाच्या पाठीवर एकटे नाही.

वकीलसाहेब : कवी आणि लेकरे मला मान्य आहेत. पण हे कड्याचे, लाडवाचे, उशीचे दिवस मुक्रर करण्याचा अधिकार कोणाला, हे तरी सांगा.

गुरुजींनी या विषयाचा अभ्यास केलेला होता, आणि जे सांगितले ते मला नवीन होते. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात, फ्लिंट या गावी, एका वृत्तपत्राच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या विल्यम चेस यांनी १९५७ साली वर्षभराच्या दिवसांची एक सूची जुळवायला घेतली. कोणता सण, कोणती जत्रा, कोणाची जयंती कधी येते याची विचारणा वृत्तपत्राच्या कचेरीत सतत होई आणि उत्तर एका ठिकाणी मिळत नसे, ही तिच्यामागची गरज. ती सूची दरवर्षी वाढत गेली आणि व्यापारी मंडळे, संस्था, हौशी माणसे आपापला दिवस तीत रुजू करू लागली. एखाद्या मालाचा खप वाढावा म्हणून जाहीर झालेले दिवस तीत आहेत, तसे केवळ विचारासाठी सुचवलेलेही आहेत. १६ जानेवारी हा ‘काहीही नसल्याचा दिवस’ हॅरॉल्ड कॉफिन या स्तंभलेखकाने सुचवला आणि १९७३ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी कोणी काही साजरे करू नये, कोणाचा सन्मान करू नये, नुसते बसावे, एवढीच त्यामागची कल्पना. दिवसांची गर्दी इतकी झाली की एक दिवस मोकळा ठेवण्यासाठीही तो सूचीत नोंदवावा लागला!

वकीलसाहेब : आमच्या कुणब्याला त्यासाठी सूची लागली नाही. अमावास्येला औत जुंपायचे नाही हा शिरस्ता त्याला बापाकडून मिळाला, आणि त्या दिवशी बैलांना विसावा मिळाला. गुरुजी, मला जे म्हणायचे आहे ते हेच. जे खरोखर लक्षात राहते, त्याला फळा लागत नाही. पालच्या खंडोबाचे लग्न पौषात लागते. तारळीच्या काठी लाखो माणसे भंडारा उधळतात. कराड तालुक्यातल्या कोणत्या घरात तो दिवस फळ्यावर वाचून कळतो? मानकऱ्याला आपला मान ठाऊक असतो, सासुरवाशिणीला माहेरचे बोलावणे ठाऊक असते, घरात काय रांधायचे ते ठाऊक असते. कामात मुरलेली आठवण टिकते. यशवंतराव चव्हाणांचेच पाहा. १९८४ सालच्या २५ नोव्हेंबरला ते दिल्लीत निवर्तले. आता दरवर्षी त्या दिवशी प्रीतिसंगमावरच्या समाधीशी माणसे जमतात, आणि त्याच सुमारास बाजार समितीच्या आवारात कृषी प्रदर्शन भरते; शेतकरी अवजारे पाहतो, जनावरे पाहतो, बियाण्याची चौकशी करतो. ज्या माणसाची पुण्यतिथी, त्याच्या कामाला शोभेल असेच काहीतरी त्या दिवशी घडते. तुमच्या सहा ओळींपैकी एका तरी ओळीने आज कोणाला काही करायला लावले काय?

हा प्रश्न कठोर होता. गुरुजींनी उत्तर द्यायला वेळ घेतला, आणि मग जे दिले ते, माझ्या मते, या सर्व संभाषणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते.

गुरुजी : भूकंपाला यात्रा नसते, वकीलसाहेब. त्याचे पक्वान्न नाही, त्याचा नवस नाही, त्याची पालखी नाही, त्याचा कोणी मानकरी नाही. देवाचे लग्न विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाही, कारण शंभर हात ते धरून ठेवतात. भूकंप मात्र ज्याने सोसला त्याच्या एकट्याच्या छातीत राहतो आणि तो गेला की त्याच्याबरोबर जातो. म्हणून तर त्याला फळा लागतो.

वकीलसाहेब : आपण तर तो सोसलेला आहे.

गुरुजी : सोसला आहे. मी आठवीत होतो. घर दगडमातीचे, दोन खणांचे, पाटण तालुक्यातल्या चारचौघांच्या घरांसारखे. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष होता, पण चंद्र मध्यरात्र उलटल्यावर मावळून गेला होता आणि थंडी अशी की सगळे वाकळेत तोंडे खुपसून निजलेले. आधी जमिनीखालून घरघर आली, मग गोठ्यातली जनावरे ओरडली, मग भिंत. वडिलांनी मला दंडाला धरून ओढले तेवढे आठवते. पलीकडच्या घरातली म्हातारी आणि तिची नात निघू शकली नाहीत. उजाडेपर्यंत अंगणात बसून राहिलो. कोणीतरी धरण फुटले म्हणून हूल उठवली आणि बायामाणसे पोरे काखेला मारून टेकाडाकडे धावली. पुढे कित्येक रात्री आम्ही घरात निजलो नाही; घर असूनही कडब्याच्या आडोशाला, उघड्यावर.

यानंतर काही वेळ कोणीच बोलले नाही. म्हणून त्या पहाटेचे जे सर्वश्रुत आहे ते येथे थोडक्यात मांडतो. कोयनेवरचे १०३ मीटर उंचीचे धरण बांधून होत आले आणि १९६२ च्या सुमारास त्यामागच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले, तेव्हापासूनच खोऱ्यात लहान-लहान धक्के जाणवू लागले होते. १३ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांतला एक मोठा बसला. तोपर्यंत दख्खनचे पठार हे पृथ्वीच्या अत्यंत स्थिर भूभागांपैकी एक, असाच शास्त्रज्ञांचा समज असल्यामुळे भूकंपप्रवण प्रदेशांच्या नकाशात कोयनेला धोक्याची जागा मानलेले नव्हते. ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सुमारे साडेसहा रिश्टरचा धक्का बसला. कोयनानगरातली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत, दोन हजारांहून अधिक माणसे जखमी झाली. दगड आणि चिखलाच्या भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या, हे इतक्या मृत्यूंचे प्रमुख कारण. धरणाच्या भिंतीला तडे गेले पण भिंत उभी राहिली, आणि पुढे मागील अंगाने काँक्रीटचे टेकू देऊन ती बळकट करण्यात आली. जलाशयाच्या पाण्यामुळे उद्भवलेल्या भूकंपाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आज जगभरच्या ग्रंथांत आहे. १९७० साली भारताचा भूकंपविषयक नकाशा दुरुस्त झाला तेव्हा कोयनेला चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या श्रेणीत घालण्यात आले.

वकीलसाहेबांचा स्वर आता बदलला होता, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही.

वकीलसाहेब : गुरुजी, तुम्ही हे जे आत्ता सांगितलेत ते ऐकल्यावर माझी हरकत वाढली आहे. ज्याने हे पाहिले तोच माणूस फळ्यावर दोन शब्द लिहितो! आणि जी तारीख तुम्ही इतक्या निष्ठेने लिहिता, तिच्याकडे एकदा पुराव्याच्या दृष्टीने पाहा. धक्का बसला त्या क्षणी ग्रीनिचच्या घड्याळात रविवार, १० डिसेंबरच्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती. जगभरच्या भूकंपमापन केंद्रांचा व्यवहार ग्रीनिचच्या वेळेने चालत असल्यामुळे त्यांच्या दफ्तरी कोयनेचा भूकंप १० डिसेंबरचा म्हणून रुजू आहे. पंचांगाने पाहावे तर वार सूर्योदयाला पालटतो, आणि सूर्य तर अजून उगवायचा होता. तेव्हा जोशीबुवांच्या हिशेबानेही तो रविवारच. लंडनचे घड्याळ आणि आपले पंचांग एका बाजूला, आणि सोमवार, ११ डिसेंबर म्हणणारे भिंतीवरचे कॅलेंडर दुसऱ्या बाजूला! उलट १९७२ साली अपोलो १७ मधली माणसे चंद्रावर उतरली ती ११ डिसेंबरला असे सगळीकडे छापतात, पण आपल्याकडे त्या क्षणी मध्यरात्र उलटून गेलेली होती, १२ तारीख लागलेली होती. म्हणजे तारीख ही घटनेच्या अंगची वस्तू नव्हेच. सोयीसाठी ठरवलेली वहिवाट आहे. तुमच्या फळ्याचा पायाच असा सरकता आहे.

गुरुजी : वहिवाट आहे हे कबूल, पण वहिवाटीवर तर आपले निम्मे दावे चालतात. सगळ्यांनी मिळून एक खूण मान्य केली म्हणजे ती खूण खोटी ठरत नाही.

वकीलसाहेब : खोटी नव्हे, अपुरी. माझ्यासमोर साक्षीला येणाऱ्या माणसाला मी वय विचारी, तेव्हा तो तारीख सांगत नसे. ‘प्लेगच्या साली आजा वारला’, ‘बहात्तरच्या दुष्काळात लगीन झालं’, ‘भूकंपाच्या आदल्या साली थोरला झाला’, असे सांगे. कोर्टाला हे उत्तर चालत नसे, पण माझ्या लेखी तेच खरे पंचांग होते. आपण महाराष्ट्रातल्या भिंतीभिंतीवर १९७३ पासून ‘कालनिर्णय’ टांगतो, तिथी, वार, मुहूर्त, भरतीओहोटी सगळे पाहतो; पण पाटण तालुक्यातल्या माणसाचा काळ त्या पहाटेने दोन भागांत तोडला आहे, आणि भूकंपग्रस्ताचा दाखला आजही तिथल्या घराघरांत जन्माच्या दाखल्याशेजारी जपून ठेवलेला असतो. एवढे ज्या घटनेने केले, तिला सहा ओळींतली एक ओळ पुरत नाही. आणि अजून एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या फळ्यावर कधीच येणार नाही. शिवाजीसागराच्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांच्या जमिनी, घरे, देवळे गेली. कोणी ठाण्याला गेला, कोणी कुलाब्याला, कोणी सोलापूरला, कोणी सांगलीला. सांगा, त्या गावांची पुण्यतिथी कोणती? पाणी एका दिवसात चढत नाही. आज शेताचा बांध, पुढच्या पावसाळ्यात खळे, त्याच्या पुढच्या वर्षी देवळाची पायरी. ज्याची तारीख सांगता येत नाही ते दुःख दिनविशेषात बसत नाही, म्हणून ते जणू झालेच नाही! मी अशा माणसांचे मोबदल्याचे दावे चालवले आहेत. दफ्तरात निवाड्याची तारीख सापडते, ताबा घेतल्याची तारीख सापडते. गाव सुटल्याची तारीख मात्र कुठेही सापडत नाही.

या मुद्द्यापुढे गुरुजी निरुत्तर होतील असे मला वाटले होते, आणि खरे सांगायचे तर मी स्वतः वकीलसाहेबांच्या बाजूला पूर्णपणे झुकलो होतो. जगातील दिनविशेषांच्या सूच्या क्षणाला मान देतात. जन्म, मृत्यू, स्फोट, शपथविधी, यानाचे अवतरण यांना मिनिट असते, म्हणून त्यांना जागा मिळते, आणि जे वर्षानुवर्षे इंचाइंचाने घडते, ते दुष्काळ, स्थलांतर आणि बुडीत, सूचीबाहेर राहते. हा दोष केवळ कराडच्या फळ्याचा नाही. परंतु गुरुजींनी उत्तर दिले ते फळ्याच्या बाहेर जाऊन, थेट शिवकालातून.

गुरुजी : वकीलसाहेब, जेधे शकावली आपण पाहिली असेल. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात निघालेले आणि १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेले ते शकवार टिपण. काय आहे तीत? शक, तिथी आणि त्यापुढे एक-दोन कोरडी वाक्ये. वर्णन नाही, शोक नाही, स्तुती नाही. माझ्या फळ्यापेक्षाही रूक्ष. शिवजन्माचे साल कोणते यावर किती वर्षे वाद चालला ते आपल्याला ठाऊक आहे. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी ज्या पुराव्यांवर उभी राहिली, त्यांत त्या रूक्ष टिपणातली एक ओळ होती. १९ फेब्रुवारीला आज सारा महाराष्ट्र जयंती करतो तो त्या ओळीच्या बळावर. ज्याने ती लिहिली त्याला कोणी विचारले असते की एवढ्या मोठ्या पुरुषाच्या जन्माला तू एक ओळ देतोस काय, आणि त्याने मनाला लावून घेऊन लिहिणेच थांबवले असते, तर आज आपल्या हाती काय असते? थोडे लिहिले हा अपराध नाही. काहीच न लिहिणे हा आहे.

वकीलसाहेब : पण ज्याने ती ओळ लिहिली त्याने आपल्या मुलखाचीच लिहिली. रोहिडखोऱ्यात बसून त्याने इस्तंबूलच्या बादशहाचा मुदपाक नोंदवला नाही.

गुरुजी : हे मात्र मान्य करतो.

इथे दोघांच्याही मनातली तेढ सैल झाली, आणि संभाषण जमिनीकडे, अगदी शब्दशः जमिनीकडे वळले. ‘पर्वत दिन’ ही फळ्यावरची नोंद वकीलसाहेबांना आता तितकी परकी वाटत नव्हती. २००३ पासून ११ डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या त्या दिवसाची निवड करताना न्यूयॉर्कमध्ये बसलेल्यांच्या ध्यानीमनीही सह्याद्री नसेल, तरी ज्या तारखेला सह्याद्रीचे पोट हलले तीच तारीख पर्वतांसाठी राखली जावी, हा योग कोयनेच्या खोऱ्याने आपलासा करण्याजोगा आहे, असे ते म्हणाले. गुरुजींनी मग हजारमाचीची गोष्ट काढली. कराडच्या शेजारी, हजारमाचीला, केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा आहे. भूगर्भात खोल विवरे घेऊन, जिथे भूकंप जन्मतो त्या खडकापर्यंत पोहोचायचे आणि तेथले ताण, तापमान व पाण्याचा दाब तपासायचा, हे तिचे कार्य. २०१७ साली गोठणे या गावी तीन किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळ्या पाषाणाचे, लाव्हाचे थरावर थर ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. १९६७ पासून आजवर पाच रिश्टरहून मोठे असे वीसहून अधिक धक्के या टापूत बसले आहेत, लहान तर अगणित. आणि पावसाळ्यात तलाव भरला की त्यानंतरच्या महिन्यांत त्यांचे प्रमाण वाढते, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदले आहे.

वकीलसाहेब : म्हणजे हा स्मृतिदिन संपलेल्या गोष्टीचा नाही. खालचा खडक अजून हलतो आहे.

गुरुजी : आणि वरची घरे? पाटणच्या वाड्यावस्त्यांवर मी तीस-पस्तीस वर्षे हिंडलो. दगडमातीच्या भिंती अजून आहेत. मधूनमधून लाकडाचे आडवे पट्टे घातले, कोपरे बांधून काढले, छपराचे ओझे कमी केले तर निजलेल्या माणसाला उठून बाहेर येण्याइतका अवसर मिळतो. मुलांना मी हे वर्गात शिकवीत असे.

वकीलसाहेब : मग हे फळ्यावर लिहा! ‘कोयना भूकंप, १९६७’ याच्याखाली लिहा की भिंतीचे कोपरे तपासा. पालच्या यात्रेला जसे रांधणे आहे तसे या दिवसाला हे काम द्या. माझी हरकत तिथे संपते.

गुरुजी : शेवयांचे कडे मी पुसणार नाही.

वकीलसाहेब : पुसू नका. खाली लिहा, बारीक लिहा. मुले हसली तरी हरकत नाही. फक्त आपल्या खोऱ्याची ओळ त्यांनी आधी वाचावी.

या तडजोडीवर दोघे थांबले. बुडिताला तारीख नाही, हा वकीलसाहेबांचा मुद्दा मात्र तसाच उरला. त्याचे उत्तर गुरुजींपाशी नव्हते आणि ते कोणत्याही सूचीत मिळेल असे मला वाटत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर ते असे की, परदेशातले गमतीचे दिवस हे आपल्या आठवणींचे वैरी नव्हेत. ते लिहिणारे निदान लिहितात तरी. आपण न लिहिलेल्या ओळींची जागा ते भरून काढतात, एवढाच त्यांचा गुन्हा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हिवाळ्याकडे पाहा. ३ जानेवारीला नायगावात सावित्रीबाई जन्मल्या, ६ डिसेंबरला क्रांतिसिंह नाना पाटील गेले. अशा नोंदी प्रत्येक गावच्या दफ्तरात, देवळातल्या बाडांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पडून आहेत. गावोगावच्या वाचनालयांनी आपल्या पंचक्रोशीचा दिनविशेष आपण सिद्ध करावा, आणि जे दिवसात मावत नाही त्यासाठी वर्षाअखेरीस एक कोरे पान सोडून त्यावर, तारखेवाचून, त्या गावांची नावे लिहावीत.

१९६७ साली शाळेत जाणारी मुले आज सत्तरीच्या आसपास आहेत, म्हणून या कामाला मुदत फार उरलेली नाही. कराड, पाटण आणि त्यापलीकडच्या कोयनाकाठच्या वाचकांना माझी विनंती आहे की, ज्यांना ती पहाट आठवते किंवा ज्यांचे गाव शिवाजीसागराखाली गेले, त्यांनी आपली हकीकत स्वतः लिहून किंवा नातवंडाकडून लिहवून, खाली गावाचे नाव घालून, जवळच्या वाचनालयात द्यावी. शुद्धलेखनाची चिंता करू नये. नेमकी तारीख आठवत नसेल तरी चालेल. गुरुजींनी आपली जबानी लिहून दिली आहे. वकीलसाहेबांनी तिच्यासाठी एक वेगळी वही घातली असून, तिच्यातली पहिली चार पाने भरली आहेत.